वाऱ्याची झोळी

परवानगीची पत्रं, विम्याचा कागद, भाड्याचे तीन संडास,
आग विझवायची नळकांडी दोन, त्यातलं एक जुनं पण भरलेलं,
आणि इद्वालला फोन : शनिवारी मेंढ्या वरच्या कुरणात ने.
तो म्हणाला, मेंढ्यांना शनिवार कळत नाही.

आमची धावपट्टी म्हणजे त्याचंच कुरण,
सहाशे मीटर, मधे एक उंचवटा,
पश्चिमेला समुद्र, पूर्वेला चर्चचा मनोरा.
हेफिन होता तोवर गवत तो कापायचा
आणि कापता कापता वेल्शमधून शिव्या द्यायचा.
आता मी कापते. शिव्या मला तितक्या येत नाहीत.

जुना विंडसॉक मार्चच्या वादळात फाटला.
नवा मेरेरिदनं शिवला, तंबूच्या नारिंगी कापडाचा,
दुहेरी टीप घालून.
खांबावर चढला तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं :
ही तर झोळी, वाऱ्याच्या दारात उभी,
आणि दोन्ही तोंडांनी उघडी.
जे पडेल ते पलीकडून निघून जाणार.
खजिनदार म्हणून मला जरा काळजीच वाटली.

बेचाळीस विमानं येतो म्हणाली होती.

शनिवारी पहाटे ढग छपराला टेकलेले.
सातला पहिला फोन श्रॉपशरहून,
मग डेव्हनहून, मग सगळीकडून,
सगळ्यांची दिलगिरी एकाच आवाजातली.
मी वहीतली नावं एकेक करून खोडली,
फार सुवाच्य खोडली.

गाव मात्र आलं.
गाव ढगांसाठी थांबत नाही, थांबलं असतं
तर आमच्याकडे कुणाचं लग्नच झालं नसतं.
रबरी बूट, बाबागाड्या, छत्री घेतलेल्या पाद्रीबाई,
शाळेचा बँड, त्यात ट्रॉम्बोन एकच, तोही वाट चुकलेला.
ऐंशी स्कोन दहाच्या आत संपले.
मग सगळे माना वर करून उभे,
काहीच नसलेल्या त्या पांढऱ्याकडे बघत.
एका पोरानं विचारलं, विमानं कधी?
मी म्हटलं, चहा घे.

बाराला दहा कमी असताना हातातला रेडिओ खरखरला.
बाईचा आवाज, दुकानात दूध आहे का विचारावं तसा :
नदी धरून येतेय, सातशे फुटांवर आहे, पट्टी कोरडी आहे का?
मी म्हटलं, नाही.
ती म्हणाली, बरं, येते.

पिवळं, दोघांपुरतं, कापडी पंखांचं.
उंचवट्यावर एक उडी मारून चिखल उडवत थांबलं.
उतरली विनिफ्रेड ऑल्डक्रॉफ्ट, वय एकोणऐंशी,
आधी डावा पाय, मग काठी, मग उरलेली सगळी.
तिचं नाव माझ्या यादीत नव्हतंच.
लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा तिनं मागे वळून पाहिलं,
कुणासाठी आहेत म्हणून.

आत बसायचे पन्नास पेन्स.
रांग थेट गोठ्यापर्यंत गेली.
प्रत्येक पोराला ती तितक्याच गांभीर्यानं सांगे :
हे तेलाचं, हे उंचीचं,
आणि हे बंद आहे, पण शोभतं.

पाचला तंबू उतरवायला घेतले आणि आभाळ निवळलं,
घासलेल्या ताटासारखं लख्ख, ढग औषधालाही नाही.
डेव्हनचा फोन : आता येऊ का?

जाताना हॉस्पिसवरून जाईन, विनिफ्रेड म्हणाली,
बंदराजवळचं आठ खाटांचं घर, ज्याच्यासाठी हे सगळं.
हेफिन शेवटचे अकरा दिवस तिथे होता.
तिनं पंख हलवले, डावा, उजवा, पुन्हा डावा,
आणि ठिपका झाली.

दिवेलागणीला मोजायला बसले. तेराशे अठरा पौंड,
एक बटण, एक तुर्की नाणं,
आणि ओला रुमाल, कुणाचा कोण जाणे.
तेवढ्यात नर्सचा फोन. सहा नंबरच्या खाटेची तक्रार आहे :
आवाज फार झाला, झोप मोडली.
मी माफी मागितली.
थांबा, ती म्हणाली, ते आणखी काही विचारतायत,
रंग कोणता होता?

पिवळा, मी सांगितलं.
बाहेर इद्वालनं फाटक उघडलं होतं,
आणि मेंढ्या चाकांच्या चरांत साचलेलं पाणी पीत होत्या.