साडेतीन आटे

आगासन रोडच्या खड्ड्यात
पहाटे चारला उतरतो मी.
व्हॉल्व्हला एकूण अकरा आटे.
साडेतीनवर हात आपोआप थांबतो.

उरलेलं पाणी
स्मशानामागे दादूसच्या टँकरांत भरतं.
याचा कागद नाही. कुणी सांगितलंही नाही.
नवा होतो तेव्हा एकदा पूर्ण उघडला.
दुपारी दोन पोरं आली, चहा पाजला,
मुलगी कुठल्या शाळेत म्हणून विचारलं.
मी सांगायच्या आत
वर्ग आणि तुकडी त्यांनीच सांगितली.

दादूस वाईट नाही, म्हणतात.
काथोडच्या आईच्या डायलिसिसचे पैसे त्यानेच भरले.
देवळाचा कळस त्याचा.
आता पाणी समितीही त्याची.
परवा माइकवर म्हणाला,
दिव्याची तहान ती माझी तहान.
टाळ्या पडल्या. माझ्याही.

मतदानाआधी चार दिवस
अकराच्या अकरा आटे.
गॅलऱ्यांतून धुणी निथळत होती,
कुणा म्हातारीने हातावर लाडू ठेवला,
म्हणाली, देव भलं करो तुझं.

आज आमच्या चाळीत टँकर आला.
बायकोने पाइप धरला, मी बाराशे मोजून दिले.
ड्रायव्हरने दोनशे परत केले.
राहू दे काका,
तुम्ही आपलेच.