शून्य, स्वतःच्याच पत्त्यावर

कुताइसीत रात्रीचे दोन.
एतेरीच्या फोनवर अजून तेच: प्रलंबित.
फी लावताना हात आखडला,
म्हणून सहा तास व्यवहार दारातच उभा,
आणि मागचे दोन त्याच्या पाठीला नाक लावून.

पैसे जायचे होते गोचाला, द्राक्षमळ्याच्या हिश्श्यासाठी.
संध्याकाळी कळलं,
मळा त्याने मार्चमध्येच विकलाय.

कुणी भला माणूस मेसेज करतो:
तुमचे बारा शब्द सांगा, मी सोडवतो.
ती फोन उपडा ठेवते.
चहा ओतते, पीत नाही.

मग शेजारचा लेवानी, अर्धवट झोपेत, भिंतीपलीकडून:
नवा क्रमांक नको घेऊस, मावशी.
तोच घाल. एक्केचाळीस.
रक्कम शून्य. पत्ता तुझाच.
फी मात्र सढळ हातानं.

स्वतःला शून्य पाठवणं
असं आकड्यात कधी लिहिलं नव्हतं तिनं.
चाळीस वर्षं
नुसतंच केलं होतं.

एका खुर्चीवर आता दोघांचा दावा,
जास्त मोजेल तो बसेल.

बावीस सेकंद.
जुना व्यवहार पडद्यावरून गेला,
निरोप न घेता.

खर्च झाली ती फी,
एका खाचापुरीएवढी.
वाट मोकळी होताच मागचे दोघे सरकले पुढे:
विजेचं बिल,
नातीचे बूट.