मोहटोल्यात, कार्तिकापर्यंत

पहिल्या बुधवारी बाजारात कोथिंबीर मागितली
तर भाजीवाली शेजारणीकडे बघून म्हणाली,
काय मांगते वं ही?
मी बोट दाखवलं.
मंग सांबार मन ना!
दोन जुड्या सांबार घेतला
आणि घरी येऊन बराच वेळ नुसता हुंगत बसले.
वास तोच होता.

आरोग्य केंद्राच्या खिडकीत मी गोळ्या मोजून देते.
सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर.
पलीकडून हात येतो, हाताआधी प्रश्न:
कोनत्या गावच्या, मॅडम?
देवगड म्हटलं की, म्हंजे पुन्याकडं?
हो म्हणते. रांग मोठी असते.

आमच्याकडे दिशा शिकवाव्या लागत नाहीत.
बाबा सांगायचे, वाट चुकलंस तर दर्या बघ.
इथे धानाच्या बांध्या,
एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं,
आणि सूर्य मावळतो तो कुणाच्या तरी तणसाच्या ढिगामागे.
कुणाच्या, ते माहीत असेल तर पश्चिम.

उरकुडे सिस्टरची बदली झाली, तिची सायकल मी घेतली.
सहाशे रुपये, घंटी नाही.
रविवारी निघायचे, डब्यात घावणे, बाटलीत पाणी,
परतायची वाट विचारत विचारत.
बांधावर कधी मी सायकलला उचललं,
कधी चिखलात तिनेच मला सोडून दिलं.
एका पहाटे धुक्यात दोन माणसं उभी दिसली,
उंच, राखी कपड्यांतली, खाली बघत.
अहो, मोहटोल्याचा रस्ता कुठला, मी ओरडले.
त्यांनी पंख उघडले.
सारस गेल्यावरही मी उत्तराची वाट बघत थांबले होते.

बोडी सापडली ती अशीच, चुकून.
कमरेएवढ्या पाण्यात पारबताबाई मेश्राम शिंगाडे तोडत होती.
डोंग्यात बसता का?
म्हटलं, मी दर्यावरची, मला काय विचारता.
डोंगा म्हणजे एका झाडाचा कोरलेला बुंधा,
त्याला माझी वंशावळ ठाऊक नव्हती.
हालू नोका, असं ती म्हणेपर्यंत
मी शिंगाड्याच्या वेलात बसलेली, गळ्यापर्यंत.
चष्मा तिने पायाच्या बोटांनी शोधून दिला.
हसली नाही.
घरी पोचल्यावर सुनेला सांगताना मात्र
भिंत धरून हसली.

तिचंच लुगडं गुंडाळून चुलीपाशी बसले.
लाखोरीचं वरण, भाजलेल्या भेद्र्यांची चटणी,
वर सांबार, हातानेच तोडून.
मी भात तीनदा घेतला, कुणी मोजलं नाही.

पुढच्या रविवारी ती माझ्याकडे.
तिनेच दिलेली मरळ, खोबऱ्याचं वाटण,
आणि आईने पुरचुंडीत बांधून दिलेली तिरफळं.
पारबताबाईने एक घोट घेतला. थांबली.
जीभ बाहेर काढून बोटाने चाचपली.
औशिद टाकलात का यात?
मग वाटी पुढे केली, अजून.
जाताना एक तिरफळ पदराच्या गाठीत बांधलं.
लावून पाहातो, म्हणाली.
वाळलेलं उगवत नाही, हे मी सांगितलं नाही.

काल रात्री लाइट नव्हती.
गंजात शिंगाडे रटरटत होते, पायलीभर,
एकटीला कशाला एवढे, पण दिले तिने.
मेणबत्तीपाशी सोलत राहिले, खात राहिले,
आईला फोन करायचा राहून गेला.

सकाळी नखं काळी ती काळीच.
साबण, लिंबू, शेवटी स्पिरिटसुद्धा.
खिडकीत गोळ्या मोजताना हात लपवता येत नाही.
सकाळी एक, रात्री एक.
पलीकडच्या म्हाताऱ्याने पुडी घेतली,
माझ्या बोटांकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं.
शिंगाडे का? म्हणाला.
आणि बाकी काहीच न विचारता
काठी उचलून निघून गेला.