नाकाचं माप

हमरानियाच्या शेतात शम्मा मॅडम
लेंडीखतावर काचेची बरणी पालथी घालते,
नळीतून हवा ओढते, आकडा वहीत टिपते.
मी तिच्या आधीच सांगतो, आज जास्त आहे,
डोळ्यांना झोंबतंय.

ती हसते. आकडाही तेच म्हणतो.

आटपाडीकडं मेंढरं रानात बसवायचो,
वाघर लावून, तीन रात्री एका तुकड्यात.
काळी माती मूत धरून ठेवायची
तान्ह्याच्या दुपट्यासारखं.
सकाळी वास यायचा, पण खालून, ओला.
पुढं ज्वारी तेवढ्या चौकोनापुरती गर्द.
लांबून कळायचं, कुणाचा कळप कुठं निजला होता.

इथं वाळू. काही धरत नाही.
उन्हं चढली की अर्धं वर जातं,
उरलेलं ठिबकच्या पाण्याबरोबर खाली, विहिरीकडं.
डोंगराच्या अंगाला, खट्टजवळ, थोडं कमी.
समुद्राकडच्या शेतात दव पडतं त्या पहाटे
आकडा कधी वर, कधी खाली,
का ते मॅडमलाही अजून उमगलेलं नाही.

"नत्र," मी तिला शब्द शिकवला.
तिनं मला अरबीतला.
दोन्ही आम्ही दुपारपर्यंत विसरलो.

आता खत टाकतो ते अंधारात, फजरच्या बांगेआधी.
टाकलं की लगेच फावड्यानं वीतभर खाली,
वर खजुरीच्या झावळ्या.
परवा बरणीत जवळजवळ काहीच आलं नाही.
मॅडमनं नळी झटकली, पुन्हा लावली,
यंत्र बिघडलं असेल म्हणाली.

मी वाकून हुंगलं.
नव्हतं बिघडलं.