इच्छारेषा

तिसऱ्या वर्षाला वाहतूक नियोजन असतं.
त्यात शिकवतात : माणूस जिथून निघतो
आणि जिथं पोचतो,
ते दोन ठिपके सरळ रेघेनं जोडायचे.
मधले खड्डे, फाटकं, वळणं धरायची नाहीत.
हिला म्हणतात डिझायर लाईन.
पाच्छापुरे सरांनी कन्नडमध्ये समजावलं,
मी वहीत मराठीत लिहिलं :
इच्छारेषा.

म्हणून शनिवारी, बाजारादिवशी,
बाचीच्या थांब्यावर मी, गळ्यात कॉलेजचं कार्ड,
हातात दोनशे फॉर्म.
थांबा म्हणजे विजेचा एक खांब.
छप्पर नाही, बाक नाही.
माणसं खांबाच्या सावलीत उभी,
एकामागं एक, सावलीएवढीच रुंद रांग.
नऊ वाजता ती शिनोळीकडे लांबलेली.
अकराला आखडली.
साडेबाराला एक शाळकरी पोरगं तेवढं मावलं तिच्यात,
आणि उन्हं कलली तशी
रांग बेळगावकडे वळली.
कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

मी टेप काढून मोजलं.
फॉर्मात त्याला रकाना नव्हता.

मधल्या एका बसला मीही चढलो.
पाटीवर कन्नड आकडे.
शेवंताव्वानं ते बघितलेच नाहीत,
"डाव्या दिव्याला तडा म्हंजे आमचीच की ही,"
म्हणाली आणि खिडकी धरली.
शेजारी तिची धाकटी बहीण, शिनोळीला दिलेली.
दोन्ही घरांत चालत वीस मिनिटं.

कंडक्टर भावकाण्णानं दोघींची आधार कार्डं बघितली.
एकीला शून्याचं तिकीट,
एकीला पंचवीस रुपये.
थोरलीनं कमरेची पिशवी सोडली,
पैसे बहिणीच्या मुठीत कोंबले.
"हिचं अर्धं मी देतो. दर शनवारी."
आणि आठ आणे आता चालत नाहीत,
म्हणून एका शनिवारी बारा,
दुसऱ्या शनिवारी तेरा.

मी विचारलं, प्रवासाचा हेतू?
काम, शिक्षण, दवाखाना, खरेदी, इतर.
"खरेदी लिही," धाकटी म्हणाली.
हिंदलगा आलं, गेलं.
मग तिनं माझ्या कोपराला हात लावला :
"भाजी आमच्यातबी मिळतीय रे.
इतर लिही."

रात्री उद्यमबागेत, खोलीवर,
रेघा मारायला बसलो.
दहा प्रवाशांना एक मिलीमीटर जाडी.
गणपत गल्लीच्या ठिपक्यात रेघा इतक्या घुसल्या
की कागद मऊ पडला.
दवाखान्याकडच्या बारीक, पण लांबून आलेल्या.
कॉलेजच्या रेघा सकाळी जाड, संध्याकाळी विस्कटलेल्या,
काही थेट घरी गेल्याच नव्हत्या.
धाकटीचा ठिपका मात्र बसेना.
आमचा नकाशा जिल्ह्याचा.
बाचीपुढं एक तुटक रेघ,
तिच्यापुढं नुसतं पांढरं,
जणू तिथं कुणी निघतच नाही कुठं.

मी एक कोरा कागद डिंकानं जोडला.
इरण्णा कॉटवरून म्हणाला,
"अदु नम्म जिल्ले अल्ल, मारायाऽ."
गोत्तैती, म्हटलं. ठाऊक आहे.
तो उठला, चप्पल शोधली,
आणि पट्टीचं दुसरं टोक धरलं.

तीन मिलीमीटर अंतरावरून निघालेल्या
दोन रेघा, केसाएवढ्या.
एका बाकावर बसून शहरापर्यंत गेलेल्या.
सांगितल्याशिवाय दिसणार नाहीत.

काल निवारा-शेडचं ड्रॉइंग परत आलं.
छप्पर मी चौकोनी काढलंच नव्हतं,
पश्चिमेकडून पूर्वेकडे उघडलेल्या पंख्यासारखं,
दांडा खांबापाशी.
सरांनी लाल पेनानं विचारलंय :
असा आकार का? खर्च वाढेल. आधार काय?

उत्तर अजून लिहिलेलं नाही.
परवा शनिवार.
तेराची पाळी आहे.