माती लागते

तळघरात बारा अंश.
वर बोन गावात जूनचं ऊन, कोवळंच म्हणायचं,
तरी शाल्मलीनं मला टोपी घातली होती
आणि मी हसले होते: अगं, नागपूरच्या बाईला?

पिंपांच्या रांगेत आम्ही सहा जण,
दोन डच, एक जपानी जोडपं, मी, माझी मुलगी,
आणि निळ्या स्वेटरातला म्हातारा जेरार.
त्याच्या नखांत खरीच माती होती,
म्हणून माझा विश्वास बसला.
पेला फिरवा, म्हणाला. नाक घाला आत.
घोट जिभेवर लोळवा,
मग या बादलीत थुंका.

थुंका?
अमरावती रोडवरच्या माती प्रयोगशाळेत
एकतीस वर्षं मी जिन्याचे लाल कोपरे बघितलेत.
'येथे थुंकू नये' ही पाटी दर दिवाळीला
माझ्याच हातानं पुन्हा रंगवायचे.
जपानी बाई इतकी सफाईनं थुंकली
की कुणी चूळसुद्धा अशी भरू नये.
मी गिळला. दुसराही गिळला.

तिसऱ्याला जेरार माझ्यापुढे थांबला.
काय लागतं, विचारतोय, शाल्मली म्हणाली.
मी गप्प. मग त्यानंच सांगितलं:
माती. वरच्या वावराची.
खालच्या वावराचा वेगळा लागेल,
मधे नुसती एक पायवाट आहे.
सगळ्यांनी माना डोलावल्या. कौतुकानं.

माती लागते.
हे वाक्य मी ऐकलेलं होतं.
दिवसातून दोनदा, अकरा महिने,
किरणं देऊन झाल्यावर, दिवाकरच्या तोंडून.
मऊ वरणभात, माती लागते.
काटोलचं संत्रं, मृग बहराचं,
बिया काढून, फोडीवरचा पापुद्रा काढून,
बाळाला भरवावं तसं. माती.
तीस वर्षांचा खर्रा, एक गालात, एक खिशात.
एकदा चिडून मी म्हटलं,
कोणती? काळी की मुरमाड?
तो हसला. उरलेल्या तोंडानं हसला.
"तूच सांग, मॅडम. सॅम्पल तुझ्याचकडे येतात ना."

तळघरात हे कुणाला सांगायचं?
मी म्हटलं, चुनखडी आहे,
सामू आठाच्या वर असणार.
शाल्मलीनं फ्रेंचमध्ये सांगितलं.
म्हाताऱ्यानं दोन बोटं वर केली, मग एक:
आठ पूर्णांक एक.
आणि मागच्या फळीवरून धूळ बसलेली एक बाटली
पैसे न घेता माझ्या पिशवीत घातली.

ती वर्षभर तांदळाच्या डब्यामागे होती.
फ्रिजमध्ये ठेवली असती,
पण कामाला येणारी कुसुम रोज फ्रिज पुसते,
आणि या घरात बाटली म्हटलं की
अजून सगळ्यांना औषधच आठवतं.
मे आला. शेहेचाळीस.
कूलरचा वाळा दुपारीच कोरडा.
त्याच्या वाढदिवशी डबा सरकवला, तर
बूच आपलं आपणच अर्धा इंच वर आलेलं,
मानेवरून एक जांभळा ओघळ, वाळून चिकट.

वच्छला शेजारून आली होती, कैरी द्यायला.
थांबली. पदरानं वारा घेत बघत बसली.
"कशी लागून राह्यली?"

जांभळं पातेल्यात आटवावीत, तशी.
तापलेला पत्रा. शेवटी व्हिनेगरचा चिमटा.
जेरारच्या वावराचा मागमूस नाही,
ना वरच्या, ना खालच्या.
एक उन्हाळा नागपूरशेजारी बांधली ना,
वाण नाही, पण.

"बिघडली," मी म्हटलं.
"थुंक मग. मोरी काय दूर हाय?"

मी घोट जिभेवर लोळवला,
शिकवल्याप्रमाणे, गालाकडे, मग टाळूकडे.
शोधत राहिले बराच वेळ.
माती लागत नव्हती.
गिळला.

वच्छलानं पाण्याचा स्टीलचा पेला
खिडकीतून तुळशीत रिकामा केला
आणि माझ्यापुढे धरला.
"मले दे घोटभर. पाहू तर दे."