नमुना सतरा

रजिस्टरात कोथिंबीर लिहायचं असतं.
मी सांभार लिहिते. साहेब खोडतात.
नमुना सतरा. ठिकाण : पिवळी नदीच्या अलीकडे,
नौशादच्या टिनाच्या शेडमागचं पाऊण एकर.

शेडमध्ये दिवसभर हातोडी.
जुन्या टीव्हीचं फुगीर पोट फुटतं,
कीबोर्डाची बटणं दुधाच्या दातांसारखी पडतात.
रात्री वायरींचं भेंडोळं जळतं, ज्वाळ हिरवट.
सकाळी राखेतून तांबं वेचलं जातं,
उरलेलं पाण्याबरोबर जातं.
कुठे जातं, ते विचारायला मी आले होते
प्लास्टिकची पिशवी आणि लाकडी चमचा घेऊन.

कौसल्याबाई बारापात्रे म्हणाल्या,
"पैसे कायचे बाई, सरकारी कामाले?"
नमुन्याची जुडी बांधून झाल्यावर
आणखी एक हातात ठेवली.
"हे घरी न्या. वड्या करा."

इतका हिरवा सांभार मी पाहिला नव्हता.
ऑटोभर वास.
ड्रायव्हर आरशातून म्हणाला,
कॉटन मार्केटचा नाही वाटत मॅडम.

नमुना तीनदा धुतला. नळाखाली, मग शुद्ध पाण्यात.
वाळवला, कुटला, आम्लात विरघळवला.
शेवटी उरलं ते साधं पाणी,
गढूळसुद्धा नाही.
यंत्राने त्यात शिसं वाचलं. कॅडमियम वाचलं.
मी यंत्र पुन्हा शून्यावर आणलं.
पुन्हा तेच.
आकडा अहवालात आहे, इथे नको.

दुसरी जुडी तोवर घरी, फ्रिजमध्ये,
ओल्या फडक्यात गुंडाळलेली.

मागच्या दिवाळीत आईने
बाबांचा मोबाईल आणि तुटका मॉनिटर
भांडेवालीला देऊन एक टब घेतला. निळा.
मोबाईलात बाबांचा आवाज होता,
"पोहोचलो, तुम्ही जेवून घ्या,"
एवढाच.
तो कुठल्या हातोडीखाली गेला,
कुठल्या रात्री हिरवट जळाला
आणि कोणाच्या वाफ्यात उतरला,
हे वाचणारं यंत्र आमच्याकडे नाही.
त्या टबात आम्ही भाजी धुतो.

अहवाल घेऊन गेले तेव्हा कौसल्याबाई
पोत्यावर चपलेखाली धने रगडत होत्या.
दोन फाका झाल्याशिवाय ते उगवत नाहीत.
मी सांगितलं. साध्या शब्दांत सांगितलं.
चप्पल चालूच होती.

"धुऊन घेतलं त चालते का?"

नाही, आतून आहे.

"आतून म्हणजे?"

मी एक देठ मोडून दाखवला.
देठात काहीच नव्हतं
दाखवण्यासारखं.

"आम्ही बी हेच खातो न बाई.
नातीले त कच्चाच आवडते."

नात वाफ्याच्या कडेला,
सर्किटच्या हिरव्या पट्टीवर
चिखलाच्या वड्या थापत होती. सोळा झाल्या होत्या.
एक तिने मला दिली.

शेडमधली हातोडी थांबली.
नौशादचा पोरगा चहाचे ग्लास घेऊन आला,
एक बाईंना, एक मला,
आणि म्हणाला, अम्मीने दहाची जुडी सांगितली.

त्या उठल्या.
हात सवयीने वाफ्यात गेला,
मूठ देठांभोवती आवळली,
आणि तशाच वाकलेल्या राहिल्या,
माझ्याकडे बघत.